ताडपत्रीखालची हवा

लसूण सोलताना मला अजून मळमळतं. आमच्या घरी हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण आईच्या मते ज्याला लसूण चालत नाही त्याच्या पोटातच काहीतरी खोट आहे. असेल. पण आईने सातिवलीचं ते गोदाम पाहिलेलं नाही. तिथे लसणाचा वास भरून राहिलेला असायचा, आणि लसणाची एक पाकळी नव्हती. लसूण आणि सडकी मासळी एकाच डब्यात कोंबून चार दिवसांनी झाकण उघडावं, तसला वास. आता आम्ही काही मासळीच्या वासाला नाक मुरडणारी माणसं नव्हे. अंगणात बोंबील वाळत असताना मी दहावीचा अभ्यास केलाय. तरी त्या गोदामाच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा सकाळचा चहा घशाशी आला आणि मी तो परत गिळला.

मी एका खासगी प्रयोगशाळेत कामाला आहे. वालीवला एका वर्कशॉपच्या माळ्यावर आमचं ऑफिस. कामगार दिवसभर कसली हवा छातीत घेतात ते मोजणं हे आमचं काम. ऐकायला फार थोर वाटतं. करायचं एवढंच, की कामगाराच्या कमरेला मुठीएवढा पंप बांधायचा, त्याची रबरी नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि नळीच्या टोकाला असलेली काचेची बारीक कांडी नाकाजवळ, कॉलरला नाहीतर पदराच्या पिनेला अडकवायची. पंप दिवसभर थोडी थोडी हवा ओढत राहतो. संध्याकाळी कांडी काढायची, दोन्ही टोकांना बूच लावायचं आणि प्रयोगशाळेत तपासायला द्यायची. जे कांडीत सापडलं तेच माणसाच्या छातीत गेलं, असं धरायचं.

गोदाम मसाल्याचं होतं. धने, हळद, तीळ, सगळा परदेशी जाणारा माल. पोत्यांत किडा राहू नये म्हणून पोती रचायची, थप्पीत गोळ्या ठेवायच्या, वरून ताडपत्री टाकायची आणि कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या दाबून ठेवायच्या. गोळीला हवेतला दमटपणा लागला की गॅस सुटतो, आणि दमटपणाला वसईत काय तोटा! चार-पाच दिवसांत आतला जीव म्हणून राहत नाही. मग ताडपत्री काढायची. नियम असा, की आधी नुसत्या कडा उचलायच्या, सगळ्यांनी बाहेर निघायचं, दारं उघडी टाकून पंखे लावून तासन्‌तास थांबायचं, आतला गॅस मोजायचा आणि मगच माणूस आत सोडायचा. इथे कंटेनर दारात आ वासून उभा असायचा. थांबणार कोण? बायका ताडपत्री ओढायच्या, आणि ती खाली पडायच्या आत हातात झाडू घेऊन गोळ्यांची राख गोळा करायला लागायच्या.

मास्क? होते की. सुपरवायझरच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेले, परदेशी गिऱ्हाईक बघायला आलं तर दाखवायला.

ताडपत्री काढणाऱ्या सहा बायका होत्या. त्यातली एक खाडीकाठच्या गावातली, पंचेचाळीसच्या आसपासची, अंगाने काटक, कामाला सगळ्यांत चलाख. चलाख म्हणून ताडपत्रीचं पहिलं टोक नेहमी तिच्याच हातात. दोन वर्षं झाली, ताडपत्री काढायच्या दिवशी तिला उलट्या व्हायच्या. छाती आवळल्यासारखी व्हायची, डोकं दोन दिवस ठणकायचं. डॉक्टर म्हणाला ॲसिडिटी. सुपरवायझर म्हणाला नाटक. तिला फक्त एवढंच हवं होतं, की ताडपत्रीवरून काढून तिला मागच्या शेडमध्ये धने निवडायला बसवावं. सुपरवायझरने सांगितलं होतं, "कागद आण. गॅसमुळे होतं असा कागद आण, लगेच बदलतो."

आता असला कागद ती कुठून आणणार होती? म्हणून गोदामाच्या वर्षाच्या तपासणीसाठी मी पंप घेऊन गेले तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला की मलाच ओशाळं वाटलं. मी तिच्या कमरेला पट्टा आवळत होते आणि ती मान वळवून पंपाकडे बघत होती.

"ताई, ह्यात कलंल ना, उलटी कसल्यानी होते ती?"

"कळेल," मी म्हटलं. "त्यासाठीच आले."

"मंग मला कागद मिलंल?"

"मिळेल."

असं मी बोलले. ठासून बोलले. आणि मग काय केलं? खरं म्हणजे पंप बांधला की मोजणाऱ्याने कामगाराच्या मागे मागे राहायचं असतं. दिवसभर. आमच्या कामाचा तो पहिला धडा. पण त्या वासात पाच मिनिटं उभं राहवेना, आणि सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला आत? केबिनमध्ये बसा, एसी आहे. चहा मागवतो." मी बसले. बिस्किटंही खाल्ली. दर दोन-तीन तासांनी उठून दारापर्यंत जायचे, बायका बाहेर आलेल्या असायच्या, सहाच्या सहा पंप कमरेला, चालू असल्याचे हिरवे दिवे लागलेले. मी वहीत बरोबरची खूण करून परत गार हवेत. आज त्या बिस्किटांची आठवण आली तरी स्वतःची शिसारी येते.

आठ दिवसांनी निकाल आला. कांड्यांमध्ये जवळपास काहीच नव्हतं. मला जरा नवल वाटलं, कारण नाक माझंही होतं. पण यंत्र म्हणतंय नाही, तर आपण कोण! रिपोर्ट तयार केला, खाली सही ठोकली, पाठवून दिला. सुपरवायझरने तो लॅमिनेट करून गोदामाच्या दाराशी लावला आणि सगळ्या बायकांना उभं करून वाचून दाखवला, हे मला नंतर कळलं.

कळलं ते तिच्याच तोंडून. महिन्याभराने वालीवच्या नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत होते, तर ही समोर. तोंड उतरलेलं, डोळे खोल गेलेले.

"ताई, तुमची मशीन म्हनते हवेत काय नाय," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "म्हंजे मलाच कायतरी मोठा रोग हाय. सोनोग्राफी केली, त्यात पन नाय सापडला. मुलीला सांगून ठेवलंय, माझं कायपन होईल आता."

"आणि काम?"

"करते की. ताडपत्रीवरच. मशीनच बोलली, मंग मी कुठल्या तोंडानी बोलू?"

रिक्षा आली, ती बसून गेली. मी तिथेच. या बाईला पोटातून ढवळतंय, आणि ती स्वतःच्या पोटावर विश्वास ठेवायचं सोडून माझ्या सहीवर ठेवतेय! सही तर मी केबिनमध्ये बसून केली होती.

पुढच्या वेळी ताडपत्री कधी निघणार ते विचारून घेतलं आणि त्या सकाळी कुणाला न विचारता एक पंप पिशवीत टाकून गेले. सुपरवायझरला थाप मारली, की मागच्या वेळच्या पंपाचा पट्टा तुमच्याकडे राहिलाय. तो चहा सांगायला वळला आणि मी सरळ गोदामाच्या दाराशी.

तिथे सहाही बायका ओळीने उभ्या. एकेक करून गळ्यातलं मंगळसूत्र काढत होत्या. कानातलं काढलं, हातातल्या बांगड्या काढल्या. एक जण वाकून पायातली जोडवी ओढून काढत होती. सगळं रुमालांच्या पुरचुंड्या करून बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात. वरून मोबाइल. मग डब्याला झाकण, आणि डबा दाराबाहेर, हायवेकडून वारा येतो त्या बाजूच्या कट्ट्यावर.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"गॅसनी कालं पडतं ना, ताई," ती काटक बाई म्हणाली. मला एवढंही माहीत नाही याचं तिला हसू आलं. "चांदी तर एका दिवसात. सोनंपन डाग धरते. मोबाइल बंदच पडतो. सुरुवातीला आमची जोडवी गेली सगल्यांची, तवापासून डबा हाय."

खरं आहे ते. हा गॅस तांबं खातो, चांदी खातो, विजेच्या तारा हिरव्या करून सोडतो. मी ते पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं. या बायकांनी स्वतःची जोडवी घालवून शिकलं होतं. आणि मग, इतक्या उशिरा, माझ्या मूर्ख डोक्यात प्रकाश पडला.

"मी मागच्या वेळी आले होते, तेव्हा माझ्या मशिनी?"

"त्या पन डब्यात!" ती अभिमानाने म्हणाली. "तुमची एवढी महागाची वस्तू. आत नेली असती नि काली पडली असती तर तुम्हालाच बोलनी बसली असती. आमी सगल्यांनी ठरवलं, ताईची मशीन जपायची. काम झालं की भायेर येऊन परत बांधायची."

बाकीच्या पाच जणी माना डोलावत होत्या. एकीने तर पुस्ती जोडली, की आम्ही मशीन पुसूनही ठेवत होतो.

तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायचं कुणावर? यांनी माझ्यावर माया केली होती. माझा पंप स्वच्छ हवेत मंगळसूत्रांच्या शेजारी बसून दिवसभर हायवेचा वारा खात होता आणि मी केबिनमध्ये बसून बिस्किटं. मग नजर वर गेली, तर दाराबाहेरच्या भिंतीवर विजेचा पॅनल, प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद केलेला. कॅमेराही आतून काढून बाहेर बसवलेला. म्हणजे मालकाला माहीत होतं. वायरमनला माहीत होतं. सुपरवायझरला तर होतंच. त्या आवारात एकूण एक गोष्ट गॅसपासून वाचवून ठेवलेली होती, आणि आत जायचं होतं ते फक्त या सहा जणींनी. किळस आली मला. त्या वासाची नाही, माणसांची.

मी पिशवीतला पंप काढला आणि तिच्या कमरेला बांधला. "हा काळा पडू दे, हिरवा पडू दे, फुटून दोन तुकडे होऊ देत. काढायचा नाही. माझी शप्पथ आहे."

"नाय काढत," ती म्हणाली. आणि मी तिच्या मागून आत गेले.

ताडपत्री ओढली गेली आणि तो वास अंगावर आला तसा मी पदर, म्हणजे माझी ओढणी, तोंडावर दाबली. पोत्यांच्या खाचांमधून मेलेले किडे खाली सांडत होते. त्यात गोळ्यांची राखाडी भुकटी. ती वाकून भराभर झाडत होती, भुकटी उडत होती, तिच्या भुवयांवर बसत होती. सुपं भरून बादलीत, बादली कडेला. मग एकदम झाडू टाकून ती थप्पीमागे गेली. ओकण्याचा आवाज आला. दुसऱ्या कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण हे नेहमीचंच. ती परत आली, रिकाम्या पोत्याने तोंड पुसलं, आणि त्याच पोत्याने जमीनही पुसली, माल खराब व्हायला नको म्हणून. मी किती वेळ टिकले? दहा मिनिटं. मग धावत बाहेर, कट्ट्याला धरून उभी. ती दोन तासांनी बाहेर आली. पंप चालू होता.

घरी गेले तर आईने दारातच अडवलं. "कुठे लोळून आलीस? मागे जा, आधी न्हा." दोनदा केस धुतले, तरी आईने त्या रात्री मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. माझा वास एका दिवसाचा होता. त्या बाईच्या घरात कोण कुणाला अडवत असेल?

त्या एका कांडीत जे सापडलं ते मर्यादेच्या कितीतरी वर होतं. मी नवीन रिपोर्ट लिहायला घेतला. आमचे साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे मालक, कपाळाला हात लावून बसले. "अगं, आपली चूक आपणच छापायची? लोक म्हणतील, यांचे बाकीचे रिपोर्टही चुकले असतील."

"असतीलही," मी म्हटलं.

तीन दिवस भांडले. शेवटी ते म्हणाले, कर काय करायचं ते, पण सही तुझी. मी केली. रिपोर्टात एक वाक्य मी फार जपून लिहिलं होतं: पंप कामगारांनी काम करतेवेळी काढून गोदामाबाहेर दाराशेजारी ठेवल्यामुळे पहिल्या मोजणीत गॅस आढळला नाही. मला त्या वाक्याचा फार गर्व. खरं, सरळ, कुणाला पळवाट नाही. एक प्रत गोदामाला, एक सरकारी कार्यालयात, तिथून पोच आणली, आणि एक प्रत मी स्वतः त्या बाईच्या हातात दिली. तिला म्हटलं, हा घ्या कागद. तुम्हाला कुठलाही रोग नाही. ती तो उलटसुलट करत राहिली आणि मग पदराखाली धरून रडली. जिवाला रोग नाही म्हणून ती रडत होती, आणि मी वेडी, मला वाटलं आपण जिंकलो.

गोदामाच्या मालकाचा आमच्या साहेबांना फोन आला. आवाज अगदी गोड. चूक दाखवल्याबद्दल आभार, म्हणाला, आम्ही रिपोर्ट अक्षर न्‌ अक्षर वाचलाय. बाईला सुपरवायझरने सांगितलं, एका कागदात नाही म्हणतात, एकात हो म्हणतात, वर्षाची तपासणी होऊ दे, मग शेडमध्ये बसवतो. सरकारी कार्यालयाकडून पोचेपलीकडे काही आलं नाही, आणि वर्षाच्या तपासणीचं काम आमच्याऐवजी दुसऱ्या प्रयोगशाळेला गेलं.

त्या तपासणीनंतर तिचा मला दुपारी फोन आला. मी ऑफिसात पंपांची तपासणी करत बसले होते, समोर टेबलावर एक पंप उघडलेला.

"ताई, ह्या वेळी सुपरवायझर सोता डब्यापाशी उभा होता. म्हनला, मशिनी डब्यात ठेवा, मॅडमच्या रिपोर्टात लिहिलंय तसं. दाराबाहेर, शेजारी. मोजनारा पोरगा गाडीत बसलेला."

माझं वाक्य. अक्षर न्‌ अक्षर वाचलं होतं त्यांनी, आणि वाचून कामाला लावलं होतं. कसं मोजायचं नाही, हे मीच त्यांना शुद्ध भाषेत लिहून दिलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"पाचींनी ठेवल्या. त्यांचं पन बरोबर हाय, त्यानला काम पायजे. मी नाय ठेवली. पदराखाली घेऊन आत गेली."

"शाबास!" मी ओरडलेच. "मग निकाल?"

"लागलाय दारावर. पाच मशिनी बरोबर, हवेत काय नाय. सहावी मशीन बिघडलेली व्हती, म्हनून ती धरली नाय. माझ्या हातानी बिघडली म्हनतात. पुढल्या टायमाला मला बांधनार नायत. ताडपत्री मात्र मीच काढायची."

बिघडलेलं यंत्र, म्हणून आकडा धरला नाही. हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. मीही लिहिलंय, एकदा नव्हे. पाच एकसारखे आणि एक वेगळा आला की वेगळ्याला यंत्राचा दोष म्हणायचं आणि वेळेवर घरी जायचं. किती माणसं मी अशी वगळली असतील, मला माहीत नाही, आणि ते आता शोधायचीही सोय नाही, कारण वगळलेलं आम्ही ठेवत नाही.

मला तिचाच राग आला, खोटं कशाला बोलू. इतकं कळूनही ही बाई उद्या परत त्या ताडपत्रीचं टोक धरणार. मी म्हटलं, "सोडा हो ती नोकरी! थुंका तिच्यावर. सगळं समजल्यावर तरी कशाला राहता तिथे?"

पलीकडे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मग तिने विचारलं, टोमणा म्हणून नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

"ताई, तुम्ही सोडली?"

"नाही," मी म्हटलं.